बेसची वायर काढल्यावर

प्रल्हाद,

आज दुपारी पुन्हा डोळा लागला. कूलरच्या ताट्यांना नुकतंच पाणी मारलं होतं, वाळ्याचा वास घरभर झाला होता आणि मी पाच मिनिटं म्हणून तुझ्या खाटेवर आडवी झाले. झोप म्हणावी तर ती झोप नव्हती. बाहेर कडुनिंबावर कावळा ओरडत होता तो ऐकू येत होता, आणि त्याच वेळी मी अमरावतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेली होते. तू समोर होतास. वीस वर्षांचा. केस तेल लावून चापून बसवलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात टेस्टर. मीटरवर वाकून तू म्हणालास, "पॉइंट फोर. लिही." मी पेन हातात धरून नुसती बसून राहिले. मग कावळा उडाला आणि मी अकोल्यात आले.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आता ओसरली आहे. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. भला माणूस, हसतमुख माणूस, कोणाचं रेडिओचं काम अडवून न ठेवणारा माणूस. यात खोटं काही नाही. पण तुझ्याइतका हट्टी आणि आतल्या गाठीचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, हे मात्र एकानंही म्हटलं नाही. ते मी म्हणते. अठरा दिवसांपैकी पंधरा दिवस मी रडले आणि गेले तीन दिवस मी तुझ्यावर रागावलेली आहे. का, ते सांगते. पण सुरुवातीपासून सांगू दे. मी शिकवणारी बाई आहे, मधूनच सुरू केलं तर मला चैन पडत नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आपले रोल नंबर लागून आले, आपल्या संसाराची सुरुवात एवढीच. प्रयोगाला दोघादोघांची जोडी, आणि रिवाज असा की एकानं मीटर वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. तू नांदगाव खंडेश्वरहून एसटीनं यायचास, वर्गात फारसा बोलायचा नाहीस, पण मीटरसमोर बसलास की तुला वाचा फुटायची. काटा दोन रेघांच्या मध्ये असला की बाकीची मुलं जवळची रेघ सांगून मोकळी व्हायची. तू एक डोळा मिटून, मान तिरकी करून, काट्याची सावली मीटरमधल्या आरशाच्या पट्टीत पाहून, मगच आकडा सांगायचास. मला वैताग यायचा. मला वही वेळेत पूर्ण करायची असे.

त्या दिवशी ट्रान्झिस्टरचा प्रयोग होता. तीन पायांचा तो एवढासा जीव: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसला द्यायचा करंट इतका थोडा की त्याच्यासाठी मायक्रोअँपिअरचा वेगळा नाजूक मीटर. कलेक्टरमधला करंट त्याच्या पन्नासेक पट, म्हणून तिकडे मिलिअँपिअरचा मीटर. एमिटरमध्ये या दोघांची बेरीज. बेसला वीस दिले की कलेक्टरमध्ये एक, चाळीस दिले की दोन, साठ दिले की तीन. प्रत्येक वेळी कलेक्टरचं व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. करंट आधी भराभर चढतो आणि मग सपाट चालत राहतो. आलेखावर अशा सपाट रेघा एकावर एक बसतात. सगळ्यात शेवटी बेसची वायर काढून टाकायची, म्हणजे इकडून काहीच द्यायचं नाही, आणि तिकडे काय येतं ते पाहायचं. ती सगळ्यात खालची रेघ.

माझ्याजवळ आदल्या वर्षीच्या एका मुलीची वही होती. सगळ्यांकडेच कोणाची ना कोणाची असायची. आपली रीडिंग त्या वहीशी जुळवून घेतली की सही लवकर मिळते, हे अख्ख्या वर्गाला पाठ होतं. जुळवायचं हाच शब्द होता, खोटं लिहायचं असं कोणी म्हणत नसे. तिच्या वहीत शेवटची ओळ स्वच्छ होती. बेस शून्य, कलेक्टर शून्य. तिला नव्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं किट मिळालं होतं आणि आपल्या टेबलावर होता तो जुना, पत्र्याच्या टोपीचा जर्मेनियमचा, आणि दोघांच्या स्वभावात फरक असतो, हे मला तेव्हा कुठलं कळायला.

"पॉइंट फोर," तू म्हणालास.

"वायर काढलीस का?"

"काढली ना वं. हे पाह्य, हातात हाय."

"मग शून्य पाहिजे."

"पायजे असन. पन काटा पॉइंट फोरवर हाय. लिही."

मी उठले. तुझ्या बाजूला येऊन वाकले. मार्चच्या दुपारचं पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट किटवर पडलं होतं, टेबलाच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. काटा पॉइंट फोरवर होता. मी तो पाहिला. मग माझ्या जागेवर जाऊन बसले आणि वहीत शून्य लिहिलं.

तू तुझ्या कच्च्या वहीत पॉइंट फोर लिहिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकाच टेबलाच्या दोन वह्या आणि दोन आकडे. त्यांनी किट मागवलं, जोडलं, बेसची वायर काढली. सकाळचा गारवा होता, ऊन यायला अजून वेळ होता. काटा जागचा हलल्यासारखा दिसला नाही.

"मीटर वाचता येत नाही आणि निघाले सायन्स शिकायला," सर म्हणाले. "घरी जा, ढोरं वळ."

वर्ग हसला. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसतं 'सांग ना' एवढंच होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतर तू शांतपणे माझी वही पुढ्यात घेऊन माझं शून्य तुझ्या वहीत उतरवलंस. मी हळूच म्हटलं, "काय करतोस?" तू म्हणालास, "तुह्या वहीत शून्य हाय, तं माह्या वहीतई शून्य. जोडी हाय ना आपली." आपल्या दोघांच्या पानांवर लाल शाईत 'छान' आलं. माझं ते पान अजून आहे. आज दुपारी ते काढलं, पण ते पुढे येईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तू कॉलेजला आलाच नाहीस. अकोल्याला आयटीआयला नाव घातलं असं कोणीतरी सांगितलं. मी तिसऱ्या वर्षाला गेले, पुढे एम.एस्सी. केली, आणि नोकरी लागली तीही अकोल्याच्याच ज्युनियर कॉलेजात. माणसाच्या पायाला कुठली वाट लागलेली असते कोण जाणे. बाबांचा जुना रेडिओ मी खोलीवर आणला होता. मे महिन्यात तो दुपार झाली की बिघडायचा. सकाळी नीट गाणारा रेडिओ तीन वाजता घसा बसल्यासारखा घरघरायला लागे. तो पिशवीत घालून मी स्टेशन रोडच्या एका दुकानात गेले. तू मान खाली घालून सोल्डर करत होतास.

"दुपारी आवाज फाटतो," मी म्हटलं.

"सेटले ऊन लागलं," तू वर न पाहता म्हणालास. "काही खराब नाही झालं. दुपारच्यानं मानसावानी त्यालेई माठाजवळ ठेवत जा."

मग वर पाहिलंस. मला वाटलं, आता टोमणा येईल. तू फक्त स्टुलावरचा कागद झटकलास आणि म्हणालास, "बस न वं. चहा सांगतो."

खरंच, रेडिओ माठाजवळ ठेवला की दुपारीसुद्धा नीट बोलायचा. मी घरी येऊन पुस्तकं काढली. कॉलेजात ज्या पानावरून आपण उडी मारून पुढे गेलो होतो तिथंच ते लिहिलेलं होतं. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला बेसमधून काहीच दिलं नाही तरी कलेक्टरमध्ये थोडा करंट वाहतोच. त्याला गळतीचा करंट म्हणतात. ऊब वाढली की तो वाढतो, दहा-एक अंशांना दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे तुझा पॉइंट फोर खरा होता आणि सकाळचा सरांचा न हललेला काटाही खरा होता. खोटी एकटी मी होते. हे मला आपल्या लग्नाच्या दीड वर्ष आधी कळलं.

आणि मी ते तुला सांगितलं नाही.

लग्नानंतर वर्षभरात तूच विषय काढलास, गमतीत. भाकरी मोडता मोडता म्हणालास, "का मॅडम, काढली बेसची वायर तं काय येते तिकडं?" मी पटकन म्हटलं, "शून्य." तू हसलास. तिथून आपला वाद सुरू झाला तो चौतीस वर्षं चालला. मी म्हणायची, तुझे ते जुने पत्र्याच्या टोपीचे आता संपले, आता सगळं सिलिकॉन आहे, माझ्या मुलांच्या प्रयोगात शून्य म्हणजे शून्य. तू म्हणायचास, "तुह्या मीटरले दिसत नाही म्हून शून्य का? नाजूक मीटर आन, मंग सांग." मी म्हणायची, दिसत नाही ते लिहू कशी? आणि तू खाली पाहून पुढचा घास मोडायचास. त्या खाली पाहण्यावर मी कधी बोट ठेवलं नाही. दोघांनाही माहीत होतं की आपण सिलिकॉनबद्दल बोलत नाही आहोत. निदान मला माहीत होतं. तुला वाटत असेल की त्या दिवशी वाकूनही मला काटा नीट दिसला नव्हता, असं मी धरून चालले होते.

मी वर्गात ट्रान्झिस्टर शिकवताना नळाची तोटी सांगायची. तोटी जराशी फिरवा, पाणी भरपूर. तुला ती तोटी मुळीच आवडत नसे. "उदाहरनं कायले देतं? तोटी बंद केली तं पानी बंद होते. हे बंद होत नाही. वायर कुठून कुठं जाते ते दाखव पोराईले." मी एकदा घाईत म्हटलं की लहान करंटचा मोठा करंट होतो, तर तू जेवण सोडून मला समजावत बसलास की लहानाचा मोठा होत नाही, मोठा तर बॅटरीतून येतो, लहान फक्त हो म्हणतो. एम.एस्सी. मी, आणि शिकवणी तुझी. माझी चिडचिड वाढत जायची आणि तुझं एकच 'हं'. बेसला कितीही दिलं तरी एका टप्प्यानंतर कलेक्टर आणखी वाढत नाही, तसं तुझं ते 'हं' कायमचं तिथंच अडकलेलं असायचं. तुझ्या आईंसमोर मी तुला 'अहो' म्हणायची आणि मीटर समोर आला की 'अरे', आणि आई कौतुकानं हसायच्या.

एकदा तू मला चिखलदऱ्याला नेलंस. पावसाळा सरत आलेला, धुकं इतकं की कॉफीची झाडं हात लावल्यावरच कळत होती. तू सोबत एक जुना सेट आणला होतास, मला वाटलं गाण्यांसाठी. एका दगडावर बसून तू तो उघडलास. आतल्या एका ट्रान्झिस्टरची टोपी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलीस आणि मला म्हणालास, ऐक. गार हवेत स्वच्छ चाललेला आवाज तुझ्या बोटांच्या उबेनं हळूहळू जाडसर झाला. बोटं काढलीस, पुन्हा निवळला. तू तीनदा-चारदा करून दाखवलंस. धुक्यात आपण दोघं आणि तो आवाज, जवळ येतोय आणि दूर जातोय. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तू वाट करून दिली होतीस, याहून सरळ वाट कोण करून देतं? मी म्हटलं, "थंडी वाजतेय, चल." तू सेट बंद केलास.

का नाही सांगितलं? आधी लाज होती. नंतर भीती. मी कबूल केलं असतं तर पुढचा प्रश्न मला विचारावा लागला असता, की तू कॉलेज माझ्यामुळे सोडलंस का? त्याचं उत्तर 'हो' आलं असतं तर मी तुझ्या समोर रोज चहाचा कप ठेवला असता तो कुठल्या तोंडानं? म्हणून मी शून्याला चिकटून राहिले.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारी तू उशाशी ठेवलेल्या यंत्राकडे पाहत होतास. "याच्यात कितीक ट्रान्झिस्टर असतीन वं?" तू विचारलंस. मी म्हटलं, लाखो. तू म्हणालास, "बाप्पा." आणि डोळे मिटलेस. खोलीत गार होतं, पडद्यातून उन्हाची एक तिरीप तुझ्या हातावर आली होती. मी ठरवलं, आता. मी तुझा हात धरला, तोंड उघडलं आणि म्हटलं, "उशी नीट करू का?" तू म्हणालास, "कर." आपलं शेवटचं बोलणं ते.

आता राग. तीन दिवसांपूर्वी नांदगावहून तुझी ताई आली. रडून झालं, चहा झाला, आणि मग ती तुझ्या लहानपणाचं काय काय सांगत बसली. मी सहज म्हटलं, "ताई, यांनी कॉलेज का सोडलं हो?" चाळीस वर्षांत जे तुला विचारलं नाही ते तिला विचारलं.

"मी इचारलं होतं त्याले," ताई म्हणाली. "काहून सोडतं रे बाबू, चांगलं शिकून राहिला होता. तं म्हने, ताई, तिथं काटा पाहाचं काम नाही, वही पाहून लिवाचं काम हाय. मले काटा पाहाले आवडते. मंग मी म्हटलं, कोनी काही बोललं का? तं म्हने, मास्तर बोलला, त्याचं काही नाही. पन संग एक पोरगी हाय, तिनंई काटा पाह्यला होता. तिचं तोंड पाहून समजलं मले. भेली बिचारी." ताईनं पदरानं डोळे पुसले. "मले काय मालूम, थे तूच व्हय म्हून. लग्नाच्या वक्ताले सांगतलं त्यानं."

लबाडा. सगळं माहीत होतं तुला! लग्नाच्या आधीपासून. चौतीस वर्षं जेवणाच्या ताटावर मी शून्य, शून्य करत राहिले आणि तू 'हं' म्हणत राहिलास. एकदा तरी म्हणायचंस, नंदे, मला ठाऊक आहे. चिखलदऱ्याला त्या धुक्यात माझी परीक्षाच घेत होतास ना? की परीक्षा नव्हती, नुसतं बोलावणं होतं? 'भेली बिचारी'. कोणाला भ्यालेली, बिचारी म्हणतोस? मी दोन दिवस तुझ्या फोटोशी बोलले नाही. आज सकाळी हार बदलताना मात्र हसू आलं आणि मग थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

म्हणून दुपारी जाग आल्यावर मी तुझं टेबल उघडलं. चुन्याच्या डबीत कापसात गुंडाळलेले तुझे चार जुने ट्रान्झिस्टर सापडले. एक घेतला. बॅटरी लावली, तुझा काट्याचा मीटर कलेक्टरच्या वाटेत जोडला. मायक्रोचा मीटर बाजूलाच राहिला, त्याला काही काम नव्हतं. बेसचा पाय मोकळा सोडला. टेबल कूलरच्या झोतात होतं, गार. मी एक डोळा मिटला, मान तिरकी केली, काट्याची सावली आरशात पाहिली. पॉइंट वनच्या जरा पुढे.

मग मी टोपी चिमटीत धरली, तू धरायचास तशी. आधी काही झालं नाही. कूलरची घरघर, वाळ्याचा वास, बाहेर परत आलेला कावळा. मग काटा निघाला. मुंगीच्या पावलानं, पण निघाला. पॉइंट टू. मला वाटलं तू मागे उभा आहेस, पण मी वळले नाही, मीटर वाचताना नजर काढायची नाही हे तुझंच. पॉइंट टूच्या पुढे, आणखी पुढे. मी वाट पाहत होते पॉइंट फोरची. आलं असतं तर किती बरं वाटलं असतं. पण काटा पॉइंट थ्रीवर येऊन थांबला आणि मी कितीही घट्ट धरलं तरी तिथंच राहिला.

"पॉइंट थ्री," मी मोठ्यानं म्हटलं. लिहायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. बेस शून्य, कलेक्टर पॉइंट थ्री. जुळवलं नाही.

तुला उदाहरणं आवडत नाहीत, म्हणून याचा अर्थ मी सांगत बसत नाही. वायर कुठून कुठं जाते ते तुला माहीत आहे.

मग जुनी वही उघडली. 'छान'च्या खाली माझ्या सुबक अक्षरातलं ते शून्य होतं. त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी पॉइंट फोर लिहिलं, आणि खाली तुझं नाव घालून एक ओळ. त्या दिवशी काटा इथं होता, प्रल्हाद. मीही पाहिला होता.